तबकडीच्या पोटातले आकडे

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गायिका गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरलं. गाणं संपता संपता गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. ऐकणाऱ्याला हा नखरा वाटतो, पण त्यामागे कारखान्याची गरज होती. मेणाच्या या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरला जायच्या. तिथल्या कामगारांना गायिकेची भाषा कळत नव्हती, तेव्हा कुठल्या तबकडीवर कोणाचं लेबल चिकटवायचं हे तबकडीनंच त्यांना सांगायचं होतं. ऐंशी वर्षांनी, १७ ऑगस्ट १९८२ रोजी, त्याच हॅनोवरला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या पॉलिग्राम कारखान्यातून पहिली व्यापारी कॉम्पॅक्ट डिस्क बाहेर पडली. तीवर ॲबा या स्वीडिश चमूचा 'द व्हिजिटर्स' हा संग्रह होता. या तबकडीत कोणी आपलं नाव सांगत नव्हतं. तीही स्वतःबद्दल बरंच काही सांगत होती, पण सगळं आकड्यांत: गाणी किती, कुठलं गाणं कुठे सुरू होतं, आत्ता कितवं चाललंय, किती मिनिटं झाली. हे आकडे यंत्राच्या दर्शनी भागावरच्या खिडकीत उजळायचे आणि शेजारच्या बटणांनी त्यांना हुकूम सोडता यायचा. सीडी प्लेअरची ही खिडकी आणि ही बटणं शोभेची नव्हती. संगीत ऐकण्याच्या आपल्या सवयीत गेल्या अर्धशतकात जो सर्वांत मोठा बदल झाला तो इथे सुरू झाला, असं माझं म्हणणं आहे.

सीडीचा इतिहास सहसा आवाजाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, खरखर नाही, सुई नाही, झीज नाही. त्याला जोडून बीथोव्हनची गोष्ट येते: नववी सिम्फनी सलग मावावी म्हणून तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि वेळ ७४ मिनिटं ठरली. सोनीचे नोरिओ ओगा स्वतः गायनाचं शिक्षण घेतलेले, त्यामुळे गोष्ट पटतेही. फिलिप्सच्या बाजूनं त्या वाटाघाटींत असलेले अभियंते केस स्काउहामर इमिंक यांनी मात्र नंतर लिहून ठेवलं आहे की प्रकरण इतकं सरळ नव्हतं. फिलिप्सनं मार्च १९७९ मध्ये आइंडहोवेनला दाखवलेली तबकडी साडेअकरा सेंटिमीटरची होती आणि आकार वाढवण्यामागे दोन कंपन्यांची व्यापारी गणितंही होती. आवाजाबद्दलचे वाद जाणकार अजून घालतात आणि काहींना एलपीच गोड वाटते. आवाज खरोखर सुधारला की नाही यावर दुमत होऊ शकतं. गाणं आणि ऐकणारा यांच्यातला व्यवहार बदलला, यावर मात्र ते होणं कठीण आहे.

बदल नेमका कुठे झाला हे कळायला आधीची साधनं नजरेसमोर आणावी लागतात. एलपीवर गाणं डोळ्यांना दिसतं. दोन गाण्यांच्या मध्ये खाचा विरळ होतात, तिथे चकचकीत कडं उमटतं. हाताचा अंदाज असेल तर सुई बरोबर त्या कड्यावर टेकवता येते आणि किती उरलं हेही एका नजरेत कळतं. १९६३ साली फिलिप्सनंच आणलेल्या कॅसेटमध्ये ही सोय गेली. फीत दोन रिळांवर गुंडाळलेली, गाणं कुठे आहे हे रिळाच्या जाडीवरून ताडायचं. म्हणून डेकवर तीन आकड्यांचा काउंटर आणि त्याशेजारी तो शून्यावर आणायचं छोटं बटण आलं. पण हा काउंटर वेळ मोजत नसे, रिळाचे फेरे मोजत असे. रीळ रिकामं असताना एका फेऱ्यात थोडी फीत जाते, भरत आल्यावर जास्त. म्हणजे सुरुवातीचे शंभर आणि शेवटचे शंभर यांचं एकमेकांशी नातं नाही. शिवाय एका डेकवर १४० ला लागणारा अभंग दुसऱ्या डेकवर १५५ ला लागू शकतो, आणि फीत मध्येच घातली की सगळाच हिशेब पुसला. काउंटरचा आकडा यंत्राचा होता, फितीच्या तो गावीही नव्हता.

सीडीमध्ये आकडा तबकडीच्या मालकीचा झाला. १९८० साली फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलेल्या, रेड बुक नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणात संगीताच्या नमुन्यांसोबत आणखी आठ बारीक वाहिन्या सतत वाहत असतात. त्यांना पी पासून डब्ल्यू पर्यंतची अक्षरं दिली आहेत. पी फक्त गाण्यांमधली सीमा दाखवते, आणि खरा कारभार क्यू वाहिनीचा. सेकंदाला ७५ वेळा या वाहिनीतून ९८ बिटांची एक ओळ येते. बहुतेक ओळींमध्ये मजकूर असा असतो: गाण्याचा क्रमांक, त्यातल्या पोटविभागाचा क्रमांक, हे गाणं सुरू होऊन झालेली मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे पंच्याहत्तरावे भाग, आणि मग तीच तिन्ही मापं पुन्हा, पण तबकडीच्या आरंभापासून मोजलेली. म्हणजे तबकडीत दोन घड्याळं एकदम चालतात, एक गाण्याचं आणि एक सबंध तबकडीचं. ओळीच्या शेवटी ताळा करायला १६ बिट असतात. ताळा जुळला नाही तर यंत्र ती ओळ सोडून देतं आणि पुढची वाचतं. सेकंदाला पंच्याहत्तर ओळी येत असताना एखादी गळाली तर खिडकीतला आकडा डगमगतही नाही.

यातली एक बारीक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. संगणकाच्या रीतीनं आठ बिटांत ० ते २५५ पर्यंतची कुठलीही संख्या मावते. क्यू वाहिनीत गाण्याच्या क्रमांकाला आठच बिट दिले आहेत, तरी एका तबकडीवर जास्तीत जास्त ९९ गाणी बसतात. कारण हे आठ बिट चार-चारांच्या दोन गटांत वाटले आहेत: एक गट दशकाचा, एक एककाचा. प्रत्येक गट शून्य ते नऊ एवढंच बोलतो. ही पद्धत गणकयंत्रं आणि आकडी घड्याळं बनवणाऱ्यांच्या नेहमीच्या वापरातली होती, कारण असा गट आकडे उमटवणाऱ्या सात रेघांच्या दिव्याला जवळजवळ जसाच्या तसा देता येतो. ज्यांनी तबकडी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर ती वाचणारा माणूस होता, दहा बोटांवर मोजणारा आणि दोन घरांचा आकडा वाचणारा. थोडक्यात, आधी तबकडी तयार झाली आणि मग तिला खिडकी बसवली असं घडलेलं नाही. खिडकीचं माप तबकडीच्या व्याकरणातच लिहिलेलं होतं.

आता खिडकी जवळून पाहू. घरगुती प्लेअरमध्ये बहुधा निळसर हिरव्या उजेडाची निर्वात नळी असायची. हे तंत्र १९६० च्या दशकात जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्समध्ये जन्मलं, आणि त्याचा तो ओळखीचा रंग झिंक ऑक्साइडच्या लेपाचा. ट्रे आत गेला की क्षणभर आकडे नसतात. त्या वेळात तबकडी वाचणारा लेझर किरण तिच्या आतल्या कडेला जातो, कारण सीडी एलपीच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. तिथे, पहिल्या गाण्याच्याही आधी, क्यू वाहिनीत अनुक्रमणिका पुन्हा पुन्हा लिहिलेली असते: कितवं गाणं कुठल्या मिनिटाला. ती वाचून झाली की खिडकीत एकूण गाणी आणि एकूण वेळ उमटतो. काही यंत्रांत शिवाय १ ते २० आकड्यांची चौकट असे. सोनी तिला म्युझिक कॅलेंडर म्हणत असे. तबकडीवर जितकी गाणी तितके आकडे उजळायचे आणि वाजून झालेलं गाणं चौकटीतून विझायचं. ट्रेमध्ये काहीच नसेल तर सात रेघांच्या त्या दिव्यांतूनच कसंबसं 'नो डिस्क' अशी इंग्रजी अक्षरं जुळवली जायची. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत काही यंत्रांचं सेकंदांचं घड्याळ उलटं धावायचं, तीन, दोन, एक, आणि शून्यावर गाणं सुरू. तबकडीवर ती शांतता उलट मोजणीनंच लिहिलेली असते. बंद ट्रेमध्ये, मिनिटाला साधारण ५०० ते २०० फेऱ्यांनी फिरणारी तबकडी डोळ्यांना दिसत नाही, सुईही नाही. एलपीनं जे डोळ्यांना दाखवलं होतं आणि कॅसेटनं हिरावून घेतलं होतं, ते या खिडकीनं आकड्यांच्या रूपात परत केलं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आकडा दाबून गाणं निवडणं सीडीच्या आधीही होतं. खरं आहे. अमेरिकेतल्या उपाहारगृहांमधल्या ज्यूकबॉक्सवर अक्षर आणि आकडा दाबून गाणं लावता येई. १९७० च्या दशकात एडीसी कंपनीच्या ॲक्युट्रॅक या रेकॉर्ड प्लेअरनं तर सुईशेजारी अवरक्त किरणांचा डोळा बसवून गाण्यांमधली चकचकीत कडी मोजली आणि रिमोटवरून हवं ते गाणं लावून दाखवलं. कॅसेट डेकमध्येही दोन गाण्यांमधली शांतता हुडकून थांबणारी सोय आली होती. पण या तिन्ही युक्त्या नीट पाहिल्या तर मूळ मुद्दा पक्का होतो. ज्यूकबॉक्समधला आकडा खणाचा असतो, मालकानं त्या खणातली तबकडी बदलली की त्याच आकड्यावर दुसरंच गाणं वाजतं. ॲक्युट्रॅकला कडं दिसतं, गाणं नाही. दोन गाणी न थांबता जोडलेली असतील तर त्याच्या लेखी ते एकच गाणं. शांतता शोधणाऱ्या डेकला ख्यालाची अगदी हळू सुरू होणारी आलापी म्हणजे रिकामी फीत वाटू शकते. ही यंत्रं बाहेरून अटकळ बांधत होती. सीडी अटकळ बांधत नाही, ती लिहिलेलं वाचते. टाळ्यांच्या कडकडाटात एक गाणं संपून दुसरं सुरू झालं, क्षणाचीही उसंत नसली, तरी क्रमांक नेमक्या जागी बदलतो, कारण तिथे तो बदलावा असं कोणीतरी ठरवून तबकडीवर लिहिलेलं असतं.

ही शक्यता सगळ्यांना एकदम कळली होती असंही नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये १,६८,००० येनला विक्रीला आला. त्याच्या नावातला १०१ म्हणजे द्विमान पद्धतीतले पाच. सोनीच्या ध्वनिविभागाचे प्रमुख नोबुयुकी इदेई यांनी हे मध्यम दर्जाचं यंत्र आहे असं सुचवण्यासाठी तो निवडला होता. समोरून उघडणारा ट्रे, गाण्याचा क्रमांक आणि वेळ आकड्यांत दाखवणारी खिडकी, सोबत रिमोट, असा त्याचा थाट होता. फिलिप्सच्या सीडी १०० ला मात्र वरून झाकण होतं, आणि गाणी दाखवायला आकडी घड्याळाऐवजी छोट्या दिव्यांची रांग: जितकी गाणी तितके दिवे. तबकडी एकच, प्रमाण एकच, पण एका कंपनीनं तिला घड्याळासारखं वाचलं आणि दुसऱ्यानं जुन्या रेडिओच्या पट्टीसारखं. दिव्यांची रांग मागे पडली आणि आकडे टिकले. दिवा फक्त जागा दाखवतो. आकडा मात्र लक्षात राहतो, दुसऱ्याला सांगता येतो, वहीत लिहून ठेवता येतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये सोनीनं ४९,८०० येनला डी-५० हा हातात मावणारा प्लेअर आणला. त्यात वीज आणि जागा यांची चणचण असतानाही खिडकी वगळली गेली नाही, ती फक्त छोट्या एलसीडीची झाली.

बटणांची कथा थोडी वेगळी आहे. त्यांच्यावरच्या खुणा सीडीच्या नाहीत, फितीच्या आहेत. उजवीकडे टोक असलेला त्रिकोण टेप डेकवरून आला. फीत ज्या दिशेनं सरकते ती दिशा तो दाखवायचा. १९७३ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं यंत्रांवरच्या खुणांचं प्रमाण काढलं तेव्हा अशा खुणा ठरल्याच होत्या. सीडीत उजवीकडे काहीच सरकत नाही, तरी त्रिकोण राहिला. दोन उभ्या रेघांचं बटण दाबलं की सगळं थांबल्यासारखं वाटतं, पण आत तबकडी गरगरत असतेच. किरण पुढच्या फेऱ्यात गेला की त्याला दीड-पावणेदोन मायक्रोमीटर मागे उडी मारायला लावायची, पुन्हा गेला की पुन्हा मागे, असं करत यंत्र त्याला एकाच फेऱ्यावर धरून ठेवतं. म्हणूनच विराम सोडताच गाणं तत्काळ सुरू होतं, तर थांबवा बटणानंतर तबकडीला पुन्हा वेग घ्यावा लागतो. या जुन्या खुणांमध्ये एक बटण मात्र सीडीनं खऱ्या अर्थानं कमावलं: दोन त्रिकोण आणि पुढे एक उभी रेघ, म्हणजे पुढच्या गाण्यावर जा. फितीवर पुढे जाणं म्हणजे अंतर कापणं, त्याला वेळ लागे. इथे पुढे जाणं म्हणजे पत्ता बदलणं. जुन्या पोशाखात आलेला हा नवा हुकूम होता, म्हणून तो कोणाला शिकवावा लागला नाही.

पत्ता मिळाल्यावर ऐकणाऱ्याच्या हाती काय आलं? आकाशवाणीच्या 'आपली आवड' कार्यक्रमाला पत्र पाठवून गाणं मागणारा मराठी श्रोता आवड आपली सांगत असे, पण गाणं कधी लागेल, लागेल की नाही, हे दुसऱ्याच्या हातात असे. तबकडी विकत घेतली तरी क्रम कंपनीचा. सीडी प्लेअरच्या प्रोग्रॅम बटणानं क्रम ऐकणाऱ्याच्या हाती दिला: पाचवं, मग दुसरं, मग नववं, खिडकीत तसे आकडे मांडून. रिपीटनं एकाच गाण्याची आवर्तनं दिली, ए-बी बटणानं गाण्यातल्या दोन क्षणांमधला तुकडा घोटायची सोय दिली, आणि शफलनं क्रमच रद्द केला. काही डेकवर कॅसेट भरणाऱ्यांसाठी एडिट बटण असे. फितीची लांबी सांगितली की यंत्र गाण्यांच्या वेळांची बेरीज करून कुठली गाणी एका बाजूला बसतील ते काढून देई. काउंटरवर अंदाजानं गाणी बसवणाऱ्या पिढीच्या हातात हे हिशेबी यंत्र आलं, तेही तबकडीच्या पोटात वेळा आधीच लिहिलेल्या होत्या म्हणून. आज फोनवर गाण्यांची यादी करणं, पुढचं लावणं, क्रम पिसणं यांत तरुणांना इंटरनेटचं कर्तृत्व दिसतं. यादी, उडी आणि पिसणं ही तिन्ही बटणं इंटरनेट घरात येण्याच्या आधीच दिवाणखान्यात होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बटणांनी संगीताचे तुकडे केले, सलग ऐकण्याचा धीर घालवला, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे, पण दोष पूर्णपणे बटणांवर टाकता येत नाही. आपल्याकडचं ध्वनिमुद्रित संगीत जन्मतःच तुकड्यांचं होतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत, त्यात गवयानं राग बसवला आणि भावगीतानं तर आपलं शरीरच त्या मापाचं घडवलं. उलट सीडीनं तासभराचा ख्याल बाजू न बदलता ऐकू दिला. तरीही क्रमालाच अर्थ असतो तिथे बटण घात करू शकतं हे मान्य करायला हवं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या गतीनं सुरू झालं, त्यात ५६ गीतं आहेत. ती शफलवर लावली तर सेतू बांधण्याआधीच रावण मरू शकतो. सीडीवर आणखी एक गंमत होते. छप्पन्न गीतं एका तबकडीत मावत नाहीत, तेव्हा प्रत्येक तबकडी पुन्हा एकपासून मोजायला लागते. कवीच्या लेखी जे विसावं गीत, ते खिडकीत कदाचित सातवं. आकडा तबकडीचा आहे, रचनेचा नाही, हे इथे उघडं पडतं. मात्र आठवड्यागणिक वाट पाहणाऱ्या श्रोत्याला क्रम पाळण्याखेरीज इलाजच नव्हता. बटण आल्यावर क्रम पाळणं ही ऐकणाऱ्याची निवड झाली. ती निवड तो चुकीची करेल ही भीती रास्त आहे, पण तेवढ्यावरून निवड वाईट ठरत नाही.

तिसरा आक्षेप बाजार जाणणाऱ्यांचा: एवढी बटणं केवळ दुकानात उठून दिसण्यासाठी होती, घरी वापरली जायची तीन किंवा चार. हेही बहुतांशी खरं, आणि त्यातच एक धडा आहे. प्रत्येक गाण्याचे पहिले काही सेकंद ऐकवणारं इंट्रो स्कॅन मागे पडलं. त्याहून बोधप्रद मरण इंडेक्स बटणाचं. क्यू वाहिनीत गाण्याच्या आत ९९ पर्यंत पोटविभाग नोंदवायची सोय पहिल्या दिवसापासून होती आणि सुरुवातीच्या अनेक प्लेअरवर तिच्यासाठी बटणंही होती. एकाच ट्रॅकमध्ये आलाप, विलंबित, द्रुत असे टप्पे दाखवता आले असते, म्हणजे सलगता न मोडता जागा सापडली असती. पण तबकड्या काढणाऱ्यांनी हे आकडे क्वचितच भरले. आकडे नाहीत म्हणून बटण निरुपयोगी, बटण निरुपयोगी म्हणून नव्या यंत्रांतून गायब, आणि यंत्रांत बटण नाही म्हणून आकडे भरण्याचं कारणही संपलं. म्हणजे खिडकी एकट्या अभियंत्याची नसते. तबकडी आखणारा, ती भरणारा आणि ऐकणारा, तिघांचा त्यात हात लागतो. माझा युक्तिवाद यामुळे थोडा आवरता घ्यावा लागतो: तंत्रानं सवय घडवली असं सरसकट म्हणता येत नाही, तंत्रानं जागा करून दिली आणि जी जागा तिघांनीही वापरली तीच सवय झाली.

आखणाऱ्याच्या आणि भरणाऱ्याच्या कुचराईचा सर्वांत मोठा फटका नावाला बसला. खिडकी खरं बोलायची, पण फक्त आकड्यांत. निर्वाणा या चमूच्या १९९१ सालच्या 'नेव्हरमाइंड' या संग्रहाच्या अनेक प्रतींमध्ये शेवटच्या गाण्यानंतर सुमारे दहा मिनिटं शांतता आणि मग एक न सांगितलेलं गाणं आहे. लपवलेल्या गाण्याची चुगली खिडकीनंच केली, कारण चार मिनिटांच्या गाण्यापुढे घड्याळ वीस मिनिटांचा हिशेब दाखवत होतं. नाव विचारलं तर मात्र हीच खिडकी मुकी. क्यू वाहिनीत ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरी संकेत लिहिता येतो, तोही ऐच्छिक. गायक, कवी, संगीतकार यांच्या नावांना मूळ प्रमाणात जागाच नव्हती. १९९० च्या दशकात संगणकावर सीडी वाजू लागली तेव्हा सीडीडीबी नावाच्या सार्वजनिक नोंदवहीनं युक्ती काढली: गाणी किती आणि कुठलं कुठे सुरू होतं, एवढ्यावरून तबकडीची ओळख पटवायची आणि नावं लोकांनी टंकून ठेवलेल्या यादीतून आणायची. म्हणजे जे आकडे खिडकीसाठी लिहिले होते तेच तबकडीचा अंगठा ठरले. १९९६ साली सीडी-टेक्स्टनं नावांना तबकडीवरच जागा दिली, पण ती रोमन आणि जपानी लिपींपुरती, आणि ऐच्छिकच. पुढे आपल्या बाजारात एमपी३ सीडी आल्या, एका तबकडीत शे-दीडशे अभंग आणि भावगीतं बसू लागली, खिडकीतला आकडा तीन घरांचा झाला. सात रेघांच्या दिव्याला देवनागरीचा काना-मात्रा उमटवणं शक्यच नव्हतं. कॅसेटच्या आतल्या घडीवर निदान कवीचं नाव छापलेलं असे. एमपी३ तबकडीच्या वेष्टनावर शंभर गाण्यांचे मुखडेच जेमतेम मावले, कवी आणि वादक बाहेर राहिले.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. सीडीच्या खिडकीनं आणि बटणांनी ऐकणाऱ्याला गाण्याचा पत्ता दिला, क्रमावरचा हक्क दिला, वेळेचा चोख हिशेब दिला, आणि आज आपण ज्या रीतीनं ऐकतो ती रीत हातात बसवली. गौहरजानला जे सांगावंसं वाटलं, किंवा कारखान्यासाठी सांगावं लागलं, ते मात्र या तबकडीनं सांगितलं नाही. हा दोष काचेचा किंवा किरणाचा नाही. जागा होती तिथेही आपण लिहिलं नाही, एवढीच ती गोष्ट आहे. ज्यांच्या घरात जुन्या मराठी तबकड्या अजून कपाटात आहेत आणि जे त्या उतरवून संगणकावर घेत आहेत, त्यांनी 'ट्रॅक ०७' एवढ्यावर थांबू नये. वेष्टनातल्या कागदावरून कवीचं, संगीतकाराचं आणि तबलजीचं नाव त्यासमोर देवनागरीत लिहावं. आता तशी खिडकी आहे.